बारीपाड्याचे रान आणि ठेलाऱ्यांचा वाडा

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात बारीपाडा हे छोटेसे आदिवासी गाव आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी या गावाभोवतीचे डोंगर उघडेबोडके झाले होते आणि पाण्यासाठी वणवण करण्यावाचून गावकऱ्यांना गत्यंतर नव्हते. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने कुऱ्हाडबंदी केली, मोकाट चराईला आळा घातला, नियम मोडणाऱ्याला दंड ठरवला आणि सुमारे साडेचारशे हेक्टर रान पुन्हा उभे केले. विहिरींना पाणी आले, भातशेती सुधारली. २०२५ मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा उभ्या खानदेशाला त्याचा आनंद वाटला.

याच साक्री तालुक्यात आणि आसपासच्या भागात ठेलारी समाजाची वस्ती आहे. मेंढपाळी हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय. पावसाळ्याचे दिवस घराजवळच्या माळरानावर काढायचे आणि दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड घोड्यांवर लादून कळपामागे निघायचे, हा त्यांचा क्रम. पिके निघालेल्या शेतांत त्यांचा वाडा उतरतो. रात्रभर मेंढ्या बसतात आणि सकाळी शेतकऱ्याच्या जमिनीत खत पडलेले असते.

बारीपाड्याचे रान चराई थांबवून उभे राहिले. ठेलाऱ्याचे घर चराईवर उभे आहे. एकाच तालुक्यातील या दोन वास्तवांची सांगड कशी घालायची, हा प्रश्न आपल्या शाश्वत शेतीच्या चर्चेत क्वचितच येतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ कुरणे व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्या निमित्ताने तरी या प्रश्नाचा विचार व्हायला हवा.

दोन विचारधारा

लहान शेतकऱ्याची शेती टिकाऊ कशी होईल, याविषयी जगभर दोन विचारधारा मांडल्या जातात. पहिली पर्माकल्चरची. ऑस्ट्रेलियातील बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७० च्या दशकात ती मांडली. शेत हे जंगलासारखे रचावे, उंच झाडे, झुडपे, वेली, कंद आणि जमिनीलगतची पिके यांचे थर एकमेकांच्या आधाराने वाढवावेत, पावसाचे पाणी समतल चरांत अडवून जमिनीत मुरवावे आणि माती कधीही उघडी ठेवू नये, हे तिचे सार. भारतात या विचाराचे केंद्र प्रामुख्याने तेलंगणात राहिले; २०१७ मध्ये हैदराबादला त्याचे जागतिक संमेलनही भरले. परंतु महाराष्ट्राला ही दिशा अगदीच अनोळखी नव्हती. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी 'प्रयोग परिवारा'च्या माध्यमातून दहा गुंठ्यांत कुटुंबाचा निर्वाह कसा होऊ शकतो, याचे गणित सूर्यप्रकाश, पाणी आणि पालापाचोळा यांच्या आधारे मांडले होते. 'बाएफ' संस्थेने आदिवासी भागांत रुजवलेली एकरभर फळझाडांची 'वाडी' हेही याच कुळातले प्रतिमान होय.

दुसरी विचारधारा कुरणाधारित पशुपालनाची. गवत हेच मुख्य पीक, जनावर हे त्याचे कापणीयंत्र आणि शेण-मूत्र हे त्याचे खत, असे ती मानते. फ्रान्सचे आंद्रे व्होइझाँ यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास एक साधी गोष्ट दाखवून दिली. गवताला एकदा चावा बसला की पुन्हा मुळांत बळ येईपर्यंत त्याला विश्रांती मिळाली पाहिजे. कुरणाची नासाडी जनावरांच्या संख्येइतकीच ही विश्रांती न मिळाल्यामुळे होते. पुढे झिम्बाब्वेचे अ‍ॅलन सेव्हरी यांनी यावरून नियोजित फिरत्या चराईची पद्धत विकसित केली. तिच्यामुळे वाळवंटे हिरवी होतील आणि हवामानबदलही उलटवता येईल, हा त्यांचा दावा मात्र बहुसंख्य शास्त्रज्ञांनी मान्य केलेला नाही. चराऊ जमिनीत साठणारा कार्बन हा गुरांच्या रवंथातून बाहेर पडणाऱ्या वायूंची पूर्ण भरपाई करू शकत नाही, असाच आजवरच्या अभ्यासांचा कल आहे. तरीही गवताच्या विश्रांतीचे व्होइझाँ यांचे मूळ सूत्र त्यामुळे खोटे ठरत नाही.

खानदेशच्या मातीत कसोटी

या दोन्ही विचारांची कसोटी खानदेशात घ्यायची तर आधी खानदेश एकजिनसी नाही, हे ध्यानात घ्यावे लागेल. तापीकाठचा रावेर-यावल-चोपडा हा केळीचा बागायती पट्टा. अमळनेर, पारोळा, शिंदखेडा हा अवर्षणाच्या छायेतला कोरडवाहू पट्टा. आणि साक्रीपासून सातपुड्यापर्यंतचा डोंगराळ, आदिवासी पट्टा. पहिल्यात भांडवल आणि ठिबक सिंचन आहे, पण भूजल खोल चालले आहे. दुसऱ्यात वर्षाला जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस आणि कपाशीवर सारी भिस्त. तिसऱ्यात जमीन थोडी आणि उताराची, परंतु भोवती वनजमीन.

पर्माकल्चरचे बागेचे रूप पहिल्या आणि तिसऱ्या पट्ट्यात काही प्रमाणात रुजू शकते. केळीचे घड कापल्यावर उरणारी खोडे आणि पाने बांधाबाहेर फेकण्याऐवजी आच्छादन म्हणून शेतातच कुजवली, तर पाणी आणि खत या दोहोंची बचत होते. डोंगरउतारावर समतल चर काढून आंबा, सीताफळ, शेवगा यांची मिश्र लागवड करणे हे तर वाडी प्रकल्पांनी सिद्धच केले आहे. कोरडवाहू पट्ट्यात मात्र अडचणी उभ्या राहतात. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. रोपे जगवायला पहिली तीन वर्षे पाणी लागते आणि नेमके तेच तेथे नसते. बँकेचे किंवा सावकाराचे कर्ज डोक्यावर घेऊन उभा असलेला शेतकरी झाडे फळावर येईपर्यंत चार-पाच वर्षे थांबणार कसा? शिवाय बाजारपेठेचा प्रश्न आहेच. रावेरहून केळीने भरलेली मालमोटार थेट उत्तर भारतात जाते. दहा प्रकारच्या थोड्याथोड्या मालासाठी मात्र व्यापारी बांधावर येत नाही.

याहूनही एक सूक्ष्म अडचण आहे. आपल्याकडे सुगी झाली की शिवार मोकळे होते. कोणाचीही गुरे कोणाच्याही शेतात चरावीत, हा अलिखित रिवाज आहे. बारमाही हिरवे राहणारे शेत या रिवाजात बसत नाही. त्याला चारही बाजूंनी कुंपण लागते. दोन एकरांच्या शेतकऱ्याला तारेच्या कुंपणाचा खर्च परवडत नाही, आणि ज्याला तो परवडतो त्याच्या कुंपणामुळे इतरांच्या गुरांचे रान तेवढे आक्रसते. एका शेतातील हिरवाईची किंमत अशी बांधापलीकडे वसूल होत असते. पर्माकल्चरचे प्रशिक्षण देणाऱ्या शिबिरांतून या वसुलीचा उल्लेख सहसा ऐकू येत नाही.

गवताचे गणित

कुरणाधारित पशुपालनाचे गणित वेगळ्या ठिकाणी अडते. तीनशे किलो वजनाच्या गाईला रोज सुमारे सात किलो, म्हणजे वर्षाला अडीच टनांच्या आसपास सुका चारा लागतो. उजाड झालेल्या गायरानात हेक्टरी अर्धा-पाऊण टन गवतही हाती लागणे कठीण. तेच पवन्या, मारवेल, डोंगरी यांसारख्या चांगल्या गवतांचे राखलेले कुरण असेल, तर उत्पादन तीन टनांच्या घरात जाऊ शकते. त्यातलेही निम्मे मुळांसाठी आणि मातीसाठी सोडायचे म्हटले, तर एका गाईमागे दीड-दोन हेक्टर कुरण हवे. राज्यातील सरासरी वहितीक्षेत्र २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टर आहे. याचा अर्थ उघड आहे. न्यूझीलंडसारखे स्वतःच्या मालकीचे कुरण आपल्या लहान शेतकऱ्याला ठेवता येणार नाही. त्याच्यासाठी कुरण म्हणजे गायरान, पडीक माळ आणि वनजमीन. म्हणजेच सार्वजनिक जमीन.

म्हणूनच पर्माकल्चर आणि कुरण यांपैकी एकाची निवड करा, हा सल्ला खानदेशापुरता तरी फसवा आहे. पहिली पद्धत खासगी तुकड्यावर, विहिरीच्या आसऱ्याने चालते. दुसरी सामाईक जमिनीवर, गावाच्या नियमांच्या आसऱ्याने. या दोन जमिनी एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत, पण एकीवाचून दुसरीचे चालतही नाही. झाडांच्या आणि पिकांच्या मुळाशी जे शेणखत लागते ते गुरांकडूनच यायचे आणि गुरांनी खाल्लेले गवत हे बहुतांशी सामाईक जमिनीवरचेच असायचे, अशी आपल्या शेतीची जुनी घडी होती.

ही घडी विसकटल्याचे परिणाम आज कोरडवाहू शेतकरी भोगतो आहे. दादर आणि बाजरीची जागा कपाशी व मक्याने घेतली, तसा घरचा कडबा कमी झाला. नांगरटीला ट्रॅक्टर आला, बैलजोडी गेली. २०१९ च्या पशुगणनेत देशातील देशी गोवंश २०१२ च्या तुलनेत सहा टक्क्यांनी घटल्याचे दिसले. २०१५ मध्ये राज्यातील गोवंश हत्याबंदी बैलांनाही लागू झाली. त्या कायद्याच्या हेतूविषयी मतभेद असू शकतात. परंतु म्हातारे जनावर विकून नवे घेण्याची वाट बंद झाल्यावर दावणीला जनावर बांधणे लहान शेतकऱ्याला जड जाऊ लागले, हे नाकारून चालणार नाही. खानदेशातल्या तापी खोऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा खिल्लारचा प्रकार हा एकेकाळी या भागाचा अभिमान होता. आज बैलपोळ्याला मातीच्या बैलांची पूजा करणारी शेतकऱ्यांची घरे थोडी नाहीत. दावण रिकामी झाली की उकिरडा रिकामा होतो आणि उकिरडा रिकामा झाला की रासायनिक खताच्या गोणीवाचून उपाय उरत नाही.

चराईबंदीचे यश आणि मर्यादा

महाराष्ट्राने आदर्श गावाची जी पंचसूत्री स्वीकारली, तीत कुऱ्हाडबंदीच्या जोडीला चराईबंदी आहे. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार यांनी तिचे फळ दाखवले. खानदेशात बारीपाड्याप्रमाणेच धुळे तालुक्यातील लामकानीचे उदाहरण बोलके आहे. डॉ. धनंजय नेवाडकर यांच्या पुढाकाराने गावाने डोंगराला विश्रांती दिली आणि उजाड माळावर उत्तम गवत परतले. उजाड डोंगर सावरायचा तर पहिली काही वर्षे त्यावरून खूर दूर ठेवणे अपरिहार्य आहे, याविषयी दुमत होऊ नये.

वाद सुरू होतो तो त्यानंतर. कुरण सावरल्यावर बंदी किती काळ चालवायची? न चरलेले, न कापलेले गवत वाळून उभे राहते आणि उन्हाळ्यात वणव्याला आमंत्रण देते. कापून नेण्याची मुभा असेल, तर ज्याच्या गोठ्यात दुभती जनावरे आहेत आणि घरात कापणीला माणसे आहेत, त्याला गवत मिळते. चार शेळ्यांवर संसार चालवणारी भूमिहीन विधवा, किंवा वर्षातून एकदा त्या वाटेने जाणारा मेंढपाळ यांच्या वाट्याला काय येते? तो कळप दुसऱ्या गावाच्या हद्दीत ढकलला जातो आणि तेथील माळावर दुप्पट भार पडतो. एका गावाची चराईबंदी अशा रीतीने शेजारच्या गावाची उजाडी होऊ शकते. एकेका गावाची यशोगाथा लिहिताना शिवाराबाहेर ढकललेल्या या भाराचा हिशेब मांडला जात नाही.

मेंढपाळ निघून गेल्यास शेतकऱ्याचेही नुकसान होते. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यातील कपाशी पोखरली. तेव्हापासून कृषी खाते दरवर्षी बजावून सांगते की, फरदड घेऊ नका, वेचणी संपताच शेतात शेळ्या-मेंढ्या चरू द्या. उरलेली किडकी बोंडे त्या खाऊन टाकतात आणि अळीचे जीवनचक्र तुटते. म्हणजे जो कळप गावाच्या डोंगरावर गुन्हेगार ठरतो, तोच डिसेंबरात कपाशीच्या शेतात वैद्य म्हणून हवा असतो. पावसाळ्याचे चार महिने तो जगला तरच हिवाळ्यात येणार, एवढा साधा संबंध मात्र आपल्या नियोजनात कोठेही उमटलेला नाही. फवारणीच्या औषधासाठी अनुदानाची मागणी होते. मेंढरांच्या पावसाळी चराईसाठी कोणी ग्रामसभेत हात वर करत नाही.

जमीन कोणाची?

सामाईक जमिनीचा हा प्रश्न आजचा नाही. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये गावची गायराने वनखात्याने गिळल्यामुळे गरीब शेतकऱ्याला शेळी चारण्यापुरतीही जागा उरली नाही, अशी तक्रार केली होती. स्वातंत्र्यानंतर गायरानांवर अनेक बाजूंनी दावे आले. त्यांतले सगळे सारख्या मोलाचे नव्हेत. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात खानदेशही उतरला होता. पोटासाठी दोन एकर पडीक कसणाऱ्या दलित-आदिवासी कुटुंबाला आणि गायरानावर गाळे बांधणाऱ्या गावपुढाऱ्याला 'अतिक्रमणदार' या एकाच शब्दात बसवणे अन्यायाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात २०११ मध्ये गावांच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचे आदेश देतानाही भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींच्या पट्ट्यांचा अपवाद नोंदवला होता.

आता या दाव्यांत विजेची भर पडली आहे. साक्रीच्या माळावर ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या फिरू लागल्या, शिवाजीनगरला सौरऊर्जा प्रकल्प झाला. कृषिपंपांना दिवसा वीज देण्यासाठी सौर वाहिनी योजनेत सरकारी जमिनी दिल्या जात आहेत. दिवसा वीज ही शेतकऱ्याची रास्त मागणी आहे. परंतु सरकारी कागदावर जे 'पडीक' असते त्यावर कोणाची तरी शेळी चरत असते, हे नोंदवण्याचा रकाना सातबाऱ्यात नाही. गवत हे उत्पादन म्हणून मोजलेच जात नसल्याने ते नाहीसे झाल्याची नोंदही होत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क स्पष्टपणे मान्य केला आहे. पण महाराष्ट्रात वैयक्तिक दाव्यांची जेवढी चर्चा झाली, तेवढी या तरतुदीची झालेली नाही.

गवताचाही फड हवा

यातून वाट काढण्यासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. पांझरा नदीच्या काठावर कित्येक शतके चाललेली फड बागायत पद्धत हा धुळे जिल्ह्याचाच वारसा आहे. बंधाऱ्याखालची जमीन काही फडांत विभागायची, कोणत्या फडात यंदा कोणते पीक घ्यायचे हे सर्वांनी मिळून ठरवायचे, वर्षागणिक पिकांची पाळी फिरवायची, पाणी सोडायला पाटकरी आणि राखणीला जागल्या नेमायचा, असा तिचा रिवाज. जमिनीची मालकी खासगी राहिली तरी वापराचा नियम सामुदायिक होता. टंचाईच्या वर्षी कोणा एकाचे शेत भिजून दुसऱ्याचे कोरडे राहू नये, याची काळजी त्या रचनेतच घेतलेली होती. पुढे वरच्या अंगाला झालेली धरणे आणि विहिरी यांमुळे ही पद्धत क्षीण झाली, तरी तिचे तत्त्व कालबाह्य झालेले नाही.

हेच तत्त्व गायरानाला लावता येईल. गायरानाचे चार-पाच फड पाडावेत. एक पावसाळाभर पूर्ण बंद, एक कापणीसाठी, उरलेले ठरावीक दिवसांच्या पाळीने चराईसाठी, आणि दरवर्षी हा क्रम बदलावा. व्होइझाँ यांनी सांगितलेली गवताची विश्रांती आणि बारीपाड्याने दाखवलेली सामूहिक शिस्त या दोहोंचा मेळ त्यात आहे. मात्र नियम करणाऱ्या समितीत शेळीवाल्या भूमिहीनांना आणि हंगामी येणाऱ्या मेंढपाळांना जागा असलीच पाहिजे. ज्याला नियम करताना बोलावले नाही, त्याने तो पाळावा ही अपेक्षा व्यर्थ आहे. कळप कोणत्या महिन्यात कोणत्या वाटेने जाणार, हे तालुका पातळीवर गावागावांत मिळून ठरले तर भार एका माळावर साचणार नाही. शिरपूर तालुक्यात नाले खोल-रुंद करून पाणी साठवण्याच्या कामाचा राज्यभर गाजावाजा झाला. पाण्याला मिळालेल्या लक्षाचा दहावा हिस्सा जरी गवताला मिळाला, चांगल्या गवतांचे बी पेरणे आणि चर काढणे ही कामे रोजगार हमीच्या आराखड्यात आली, तरी बरेच साधेल.

आणि पर्माकल्चर? त्याची जागा विहिरीजवळच्या दहा-वीस गुंठ्यांत, परसात आणि बांधावर आहे. तेथे घरच्या भाजीपाल्याची, फळांची आणि थोड्याशा रोख पैशांची तजवीज व्हावी. उरलेल्या कोरडवाहू रानात दादर, बाजरी आणि कडधान्ये पुन्हा पाळीत यावीत, त्यांचा कडबा दावणीला जावा आणि दावणीचे खत रानात यावे. यात चमकदार असे काही नाही. एखाद्या आदर्श प्रक्षेत्राचे छायाचित्र काढून वर्तमानपत्रात छापावे, असेही काही नाही. पण दोन एकरांच्या शेतकऱ्याला झेपेल असे आहे.

यंदाच्या सुगीनंतर एखादा ठेलारी पारोळ्याच्या किंवा शिंदखेड्याच्या शेतात वाडा उतरवील, तेव्हा शेतकरी त्याला पाणी देईल, खताचा मोबदला ठरवील आणि आणखी दोन रात्री थांबण्याचा आग्रह करील. त्याच शेतकऱ्याच्या गावाने जूनमध्ये आपला माळ त्या कळपाला बंद केलेला असेल, तर हा आग्रह फार वर्षे पुरणारा नाही. कळप विकून तो मेंढपाळ सुरतेच्या कारखान्यात मजुरीला गेला, की शेतात खत टाकायला रासायनिक गोणीशिवाय कोणी येणार नाही. बारीपाड्याने रान राखायला शिकवले. राखलेले रान वाटून घ्यायला शिकण्याचे काम अजून बाकी आहे आणि ते प्रत्येक ग्रामसभेला स्वतःच करावे लागेल.